यात्रा कोणाची, भार कोणाचा?

तीर्थयात्रेचें पुण्य यात्रेकरूच्या पायांत असतें कीं देवाच्या दारांत, हा प्रश्न आमच्या समाजाला नवा नाहीं. बैलगाडीच्या जागीं आगगाडी आली तेव्हां तो एकदां निघाला. आगगाडीच्या जोडीला मोटार आली तेव्हां पुन्हां निघाला. आणि आतां विमानाच्या निमित्तानें तो तिसऱ्यांदा आपल्यापुढें उभा आहे. प्रत्येक वेळीं वडील माणसांनीं मान हालविली, तरुणांनीं त्यांचें बोलणें हंसण्यावारी नेलें, आणि शेवटीं वडिलांसह सगळी मंडळी नव्या वाहनांत जाऊन बसली. तेव्हां या वादांत पुन्हां पडण्यांत अर्थ तो काय, असें कोणी म्हणेल. आमचेंही पुष्कळ दिवस तसेंच मत होतें. परंतु केरळांतील शबरीमलेच्या यात्रेकरूंसाठीं योजिलेल्या नव्या विमानतळाची हकीकत आम्ही गेलीं कांहीं वर्षें वर्तमानपत्रांतून वाचीत आलों आहों, आणि ती वाचतां वाचतां आम्हांस असें वाटूं लागलें कीं, आजवर आपण हा प्रश्न भलत्याच बाजूनें धरीत होतों.

शबरीमला हें नांव आपल्याकडे आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. कार्तिक-मार्गशीर्षांत काळीं वस्त्रें नेसलेले, दाढी वाढविलेले, गळ्यांत माळ घातलेले आणि अनवाणी चालणारे पुरुष मुंबईपुण्याच्या रस्त्यांवरही दिसतात. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागांत, पेरियारच्या व्याघ्र-अरण्यांत, एका डोंगरावर अय्यप्पाचें हें देऊळ आहे. मल्याळी पंचांगांतील वृश्चिक मासाच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून, ४१ दिवसांचें मंडल चालतें. त्यानंतर मकरसंक्रांतीच्या सुमारास गर्दीचा दुसरा पूर लोटतो. याखेरीज प्रत्येक मल्याळी महिन्याच्या आरंभींचे पांच दिवस आणि कांहीं सणांचे दिवस सोडले तर देऊळ बंद असतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

या यात्रेचें वैशिष्ट्य असें कीं, ती प्रवासाला निघण्याच्या पुष्कळ आधीं सुरू होते. ४१ दिवस ब्रह्मचर्य, शाकाहार, मद्यवर्जन, जमिनीवर निजणें. आणि या काळांत व्रतस्थाला सर्व जण 'स्वामी' म्हणून हांक मारतात. मालक नोकराला स्वामी म्हणतो, बाप मुलाला स्वामी म्हणतो. शेवटीं डोक्यावर इरुमुडी, म्हणजे दोन कप्प्यांचें गांठोडें, घ्यावयाचें. त्याच्या पुढच्या कप्प्यांत देवासाठीं तुपानें भरलेला नारळ आणि मागच्यांत स्वतःची शिदोरी. हें गांठोडें डोक्यावर असल्यावांचून सामान्य यात्रेकरूस देवळाच्या अठरा पायऱ्या चढतां येत नाहींत. आणि तेथें वर पोंचल्यावर समोर काय दिसतें? 'तें तूंच आहेस' या अर्थाचें छांदोग्य उपनिषदांतील महावाक्य. एकेचाळीस दिवस ज्याला लोक देवाच्या नांवानें हांक मारीत होते, त्याला देवच सांगतो कीं ती हांक चुकीची नव्हती. आम्ही अय्यप्पाचे उपासक नाहीं. परंतु यात्रेची याहून सुंदर मांडणी आमच्या पाहण्यांत नाहीं. (या देवळांत स्त्रियांच्या प्रवेशाचा जो वाद २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयांत गाजला, त्यांत आम्ही येथें शिरत नाहीं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

देवळाकडे जाण्याची जुनी वाट एरुमेली गांवाहून निघते. यात्रेकरू तेथें अय्यप्पाचा सखा मानलेल्या वावराच्या मशिदीस प्रथम वंदन करतात, आणि मग अळुता नदी व करिमला डोंगर ओलांडून अरण्यांतून पंपेच्या कांठीं येतात. आज बहुसंख्य लोक मोटारीनेंच पंपेच्या आसपास येतात आणि शेवटचे सुमारें पांच किलोमीटर तेवढे चढतात. याच एरुमेलीजवळ विमानतळ बांधावा असें केरळ शासनानें २०१७ सालीं ठरविलें. २०२२ च्या अखेरीस त्यासाठीं २५७० एकर जमीन घेण्याचा हुकूम निघाला. त्यांतील २२६३ एकर म्हणजे चेरुवळ्ळी नांवाचा एक विस्तीर्ण रबराचा मळा, आणि उरलेली ३०७ एकर भोंवतालच्या लहानसहान जमीनधारकांची. ३५०० मीटरांची धावपट्टी योजिली गेली. एप्रिल २०२३ मध्यें केंद्राच्या नागरी विमानवाहतूक खात्यानें जागेस मान्यता दिली, आणि पुढें भूसंपादनाचें प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्या चढूं लागलें. या पायऱ्या अठराहून अधिक असतात, हें आपण जाणतोंच.

अशा योजनेवर पहिला आक्षेप येतो तो जुनाच: सुखानें घडलेली यात्रा ही यात्रा नव्हे. या आक्षेपाचें सर्वांत जोरदार रूप गांधीजींच्या 'हिंद स्वराज्या'त आहे. आगगाडीनें आमचीं पवित्र स्थळें अपवित्र झालीं, पूर्वीं मोठ्या कष्टानें खरे भक्त तेवढे तेथें पोंचत, आतां लबाडही आपली लबाडी करण्यास तेथें जातात, असा त्यांचा अभिप्राय आहे. गांधीजींविषयीं पूर्ण आदर ठेवून आम्हांस म्हणावेंसें वाटतें कीं, हा युक्तिवाद फार टिकणारा नाहीं. पायीं चालणाऱ्यांत लबाड नव्हते हें म्हणणें इतिहासाला धरून नाहीं. यात्रेच्या वाटेवरच्या ठगांच्या कथा आपल्या आज्या सांगत असत. शिवाय तें पुस्तक स्वतः गांधीजींनीं १९०९ सालीं विलायतेहून आफ्रिकेस जातांना आगबोटीवर बसून लिहिलें, आणि हिंदुस्थानांत आल्यावर हा देश त्यांनीं पाहिला तो आगगाडीच्या तिसऱ्या वर्गांतून. यांत आम्ही त्यांचा दोष काढीत नाहीं. उलट, वाहन कोणतेंही असो, माणूस आपलें व्रत त्यांत बसवून घेऊं शकतो, याचा त्याहून चांगला पुरावा कोणता?

आपल्या पंढरीचेंच पाहा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच बार्शी लाइट रेल्वेचे लहानसे डबे पंढरपुरास पोंचले. त्या वेळीं 'आतां वारी संपली' असें म्हणणारे लोक असतीलच. आज आगगाडी आहे, एस्. टी. आहे, घरोघर मोटारी आहेत, आणि आळंदीहून निघालेली पालखी अजूनही सुमारें अडीचशें किलोमीटर पायींच जाते; तिच्या मागची रांग आखूड झालेली कोणी पाहिली नाहीं. ज्याला चालावयाचें आहे त्याला आगगाडी थांबवीत नाहीं.

आमच्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविणारे एक मल्याळी स्नेही आहेत. दरवर्षीं ते ४१ दिवस काळें धोतर नेसून अनवाणी वर्गावर जातात, आणि आमचे विद्यार्थी, जे एरव्हीं कोणालाही भीत नाहींत, ते त्या दिवसांत त्यांच्याशीं हलक्या आवाजांत बोलतात. विमानतळाविषयीं आम्ही त्यांना छेडलें, तेव्हां ते शांतपणें म्हणाले, "अहो, विमान झालें म्हणून एकेचाळीस दिवसांचे चाळीस होणार आहेत काय? कीं अठरा पायऱ्यांच्या सतरा होणार आहेत? तुमचा विमानतळ तर देवळापासून पन्नासएक किलोमीटर लांब. पंपेपासूनची चढण आहे ती आहेच. आगगाडींत रात्रंदिवस अंग आंबवीत बसणें हें कांहीं अय्यप्पानें सांगितलेलें व्रत नव्हे!" यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि अजूनही सुचलेलें नाहीं.

किंबहुना त्यांच्या बाजूचा पुरावा आमच्या घरांतच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मातोश्रींना, त्या ब्याऐंशी वर्षांच्या असतां, आम्ही विमानानें काशीस नेलें. त्यांचे गुडघे केव्हांच गेले होते. चाकांच्या खुर्चींतून त्यांना विमानापर्यंत नेलें, खुर्चींतूनच उतरविलें, आणि संध्याकाळीं दशाश्वमेध घाटाच्या पायरीवर आणून बसविलें. बराच वेळ त्या गंगेकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "एवढ्यांत काशी आली?" आम्हांस वाटलें, आतां त्या म्हणतील कीं ही कांहीं खरी यात्रा नव्हे. पण थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "मग माझ्या बाबांना ती का बरें मिळाली नाहीं?" आमचे आजोबा, आईचे वडील, कोंकणांतल्या एका खेड्यांत जन्मभर काशीचा ध्यास घेऊन वारले. प्रत्येक वर्षीं कांहीं तरी निघे. एक वर्ष मुलीचें लग्न, एक वर्ष गाईचें आजारपण, मग डोळे गेले. आईच्या त्या एका वाक्यानें कष्टाच्या पुण्याविषयींचा आमचा उरलासुरला अभिमान गळून पडला. ज्याला यात्रा घडली त्यानें वाटेच्या कष्टांचे गोडवे गावे. ज्याला ती कष्टांपायींच घडली नाहीं, त्याला विचारून पाहावें.

तर मग विमानतळावर आमचा आक्षेप नाहीं काय? येथेंच आम्हांस एका जुन्या ग्रंथानें नवी वाट दाखविली, आणि तीही अगदीं अनपेक्षितपणें. मत्स्यपुराणांत प्रयागमाहात्म्य सांगतांना, बैलाच्या वाहनावर बसून प्रयागास जाणाऱ्याची फार कडक निंदा केली आहे. असा माणूस नरकांत पडतो, आणि त्यानें दिलेलें पाणी त्याचे पितर घेत नाहींत, इथपर्यंत मजल गेली आहे. ऐश्वर्यामुळें, लोभामुळें किंवा मोहामुळें वाहनानें जाणाऱ्याची यात्रा निष्फळ होते, असेंही तेथेंच सांगितलें आहे. पुढच्या निबंधकारांनीं या वचनांचा पुष्कळ कीस काढला. वाहनानें गेल्यास फळ किती उणें होतें, याचे हिशेबही मांडले. आम्ही विद्यार्थिदशेंत हें वाचलें तेव्हां, हा सुखाविरुद्धचा जुना कांगावा, असें म्हणून पान उलटलें होतें. परंतु पुराणकारानें बैलाबाबत दिलेलें कारण सुखाचें नाहींच. गाईबैलांचा क्रोध दारुण असतो, असें तो म्हणतो. म्हणजे पाप यात्रेकरूच्या आरामांत नाहीं. तें त्या बैलाच्या मानेवर आहे. ज्यानें संकल्प सोडला नाहीं, ज्याला गंगा ठाऊक नाहीं, पुण्याचा कणही ज्याच्या वांट्याला यावयाचा नाहीं, त्याच्या खांद्यावर तुम्हीं आपली यात्रा लादलीत, हा तो अपराध.

हें कारण एकदां मनांत उतरलें म्हणजे सगळ्या वादाचें तोंड फिरतें. यात्रेचे कष्ट किती असावेत हा प्रश्न मागें पडतो, आणि ते कोणी सोसावेत हा पुढें येतो. वरसईच्या विष्णुभट गोडशांनीं १८५७ च्या धामधुमींतून जीव वांचवून आईबापांसाठीं गंगा घरीं आणली. ते कष्ट त्यांचे स्वतःचे होते, आणि त्यांची चव त्यांनींच घेतली. कष्ट कमी करणारें यंत्र निघालें म्हणजे ते कष्ट जगांतून नाहींसे झाले, असें आपण समजतों. कधीं कधीं तें खरें असतें. परंतु पुष्कळदां ते यात्रेकरूच्या पायांतून निघून, दूर कोठें तरी, दुसऱ्याच कोणाच्या दारांत जाऊन बसतात.

चेरुवळ्ळीचेंच घेऊं. रबराचा मळा म्हणजे अरण्य नव्हे, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. हें झाड मूळचें ब्राझीलचें. इंग्रजी अमदानींत तें इकडे आलें, आणि केरळांत त्याची व्यापारी लागवड विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झाली. तेव्हां 'देवाचें वन तोडलें' असा आक्रोश येथें करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पण मळ्याला माणसें असतात. रबराचें झाड लावल्यापासून सहासात वर्षांनीं चीक देऊं लागतें आणि मग वीसपंचवीस वर्षें देत राहतें. चीक वाहतो तो पहांटेच्या गारव्यांत. म्हणून मजूर अंधारांतच कपाळाला दिवा बांधून निघतो, एकेका झाडाच्या सालीवर नेमका तिरपा चर पाडतो, त्याखालीं वाटी लावतो, आणि ऊन चढलें कीं पुन्हां सगळीं झाडें हिंडून त्या वाट्या रिकाम्या करतो. चर थोडा खोल गेला तर झाडाला जखम होते, थोडा उथळ राहिला तर चीक येत नाहीं. हें कसब बोटांत यावयास वर्षें लागतात, आणि विमानतळावर त्याचा कांहीं उपयोग नाहीं. मजूर राहतो ती खोली मळ्याची, झाड मळ्याचें, जमीन कोणाची, शासनाची कीं मळा विकत घेणाऱ्या संस्थेची, हा वाद वर्षानुवर्षें न्यायालयांत चालत आला. निकाल कोणत्याही बाजूस लागो. चर पाडणाऱ्या माणसाचें काय, हा त्या वादाचा विषयच नव्हे.

उरलेल्या ३०७ एकरांची गोष्ट आणखी निराळी. तेथें लहान लहान वाड्या आहेत. घर, घराभोंवतीं दोनचार फणस, फणसावर चढविलेला मिऱ्याचा वेल, मागें थोडें रबर. २०१३ च्या भूसंपादनाच्या कायद्यानें अशा माणसास पूर्वींपेक्षां पुष्कळ चांगला मोबदला मिळतो, आणि प्रकल्पाचे सामाजिक परिणाम आधीं तपासावे लागतात, हें मान्य केलें पाहिजे. पण त्याच कायद्यांत एक भेद आहे. खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर शंभरांतील ऐशीं जणांची संमति लागते. शासन व खाजगी भांडवल यांची भागी असेल तर सत्तर जणांची. परंतु शासन स्वतःच्या प्रकल्पासाठीं घेत असेल तर संमतीची अट नाहीं. म्हणजे किंमत मिळते, नकार मिळत नाहीं. आमच्या मतें सगळा नैतिक प्रश्न या एका जागीं येऊन थांबतो. बैलालाही दाणावैरण मिळतच होती.

याला विमानतळाच्या पुरस्कर्त्यांकडून एक उत्तर मिळतें, आणि तें उडवून लावण्यासारखें नाहीं. प्रत्येक रस्ता, प्रत्येक कालवा, प्रत्येक शाळा कोणाच्या तरी जमिनीवरच उभी राहते. अशा रीतीनें विचार केला तर देशांत वीटसुद्धां रचतां येणार नाहीं. खरें आहे. सार्वजनिक हितासाठीं थोड्यांनीं सोसावें, हें तत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. त्याच तत्त्वानें बांधलेल्या धावपट्ट्यांवरून आम्ही आईला काशीस नेलें, आणि त्या धावपट्ट्यांखालीं पूर्वीं काय पिकत होतें हें विचारण्याचें आम्हांस त्या दिवशीं सुचलेंही नाहीं. मात्र हें तत्त्व लावावयाचें असेल तर एक पथ्य पाळलें पाहिजे. जें हित सांगावयाचें तें त्याच्या खऱ्या नांवानें सांगितलें पाहिजे.

येथें देऊळ कधीं उघडें असतें ही मघांची गोष्ट कामास येते. विमानतळ हा कांहीं मंडलकाळापुरता उभारलेला मांडव नव्हे. तो बारा महिने चालला पाहिजे, नाहीं तर त्याचा खर्च निघत नाहीं. आणि त्या बारा महिन्यांचे प्रवासी कोण, हेंही उघड आहे. कोट्टयम आणि पत्तनंतिट्टा या जिल्ह्यांतील शेंकडों गांवांतून घरटी एक तरी माणूस आखातांत, अमेरिकेंत, विलायतेंत आहे. इथल्या मुली परिचारिका होऊन साऱ्या जगाच्या रुग्णालयांत राबत आहेत. बाप अंथरुणाला खिळला असें कळतांच त्यांतील एखादी धांवत निघते, कोचीस किंवा तिरुवनंतपुरास उतरते, आणि मग वळणावळणाच्या रस्त्यानें घराकडे तास मोजीत येते. तिच्यासाठीं जवळ विमानतळ हवा, हें म्हणणें आमच्या कानाला वावगें लागत नाहीं. तें खणखणीत कारण आहे. केरळांत आधींच चार आंतरराष्ट्रीय विमानतळ असतां पांचवा हवा कीं नको, याचा निवाडा त्या कारणावर, आंकडे समोर मांडून, करतां येईल. त्यास कोणी 'हो' म्हणेल, कोणी 'नको' म्हणेल, आणि कोणाच्याही 'नको'ला पापाचा वास येणार नाहीं.

पण ती गरज अय्यप्पाच्या नांवानें पुढें आली कीं तराजूच मोडतो. वाडीवाला हिंदु असला आणि 'माझी जमीन देत नाहीं' म्हणाला, तर तो देवाच्या वाटेंत आडवा पडणारा ठरतो. तो ख्रिस्ती किंवा मुसलमान असला, आणि त्या मुलखांत शेजारीपाजारीं तिन्ही धर्मांचीं घरें आहेत, तर त्याचा नकार हा त्याच्या धर्माचा नकार समजला जाण्याची भीति. मग त्याचे फणस, त्याचा मिऱ्याचा वेल, त्याची म्हातारी आई, हें सारें त्या एका शब्दाखालीं गडप होतें. ज्या गांवीं यात्रेकरू आधीं मशिदीपुढें नमतो आणि मग डोंगर चढतो, त्या गांवींच असें घडावें, यासारखें दुर्दैव नाहीं. शासनाच्या मनांत असें कांहीं आहे असा आरोप आम्ही करीत नाहीं. देवाचें नांव हें असें साधन आहे कीं तें वापरणाराच्या हेतूची वाट पाहत नाहीं.

शिवाय हें नांव दोन्ही पारड्यांत पडूं शकतें. याच पंपेच्या कांठीं, खालच्या अंगास, आरन्मुळा नांवाचें गांव आहे. तेथील पार्थसारथीचें देऊळ प्रसिद्ध आहे. त्या गांवाच्या भातखाचरांवर एका खाजगी कंपनीचा विमानतळ व्हावयाचा होता. तेथें लोक उलट देवळाच्या आणि गांवाच्या पावित्र्याच्या नांवानें विमानतळाविरुद्ध उभे राहिले. सुगतकुमारींसारख्या थोर कवयित्री त्यांच्या अग्रभागीं होत्या. आणि २०१४ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें त्या योजनेची पर्यावरणविषयक परवानगी रद्द केली. आम्हांस तो निकाल योग्य वाटतो, पण तो योग्य ठरतो तो भातखाचरांमुळें आणि पाण्यामुळें. आरन्मुळ्यास देव विमानाला विरोध करतो आणि एरुमेलीस त्याचें स्वागत करतो, असें मानण्यापेक्षां देवाला दोन्ही ठिकाणीं साक्षीदार म्हणून न बोलाविणें बरें. आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें पश्चिम घाटाविषयींचा अहवाल २०११ सालीं दिला, त्यांत तरी काय होतें? डोंगरांत कोठें काय व्हावें हें ठरवितांना प्रथम तेथील ग्रामसभांस विचारा, हा त्याचा गाभा होता. त्या अहवालावर केरळांत केवढें रान उठलें, आणि २०१८ च्या ऑगस्टांतील महापुरानें पंपेचा कांठ धुवून नेल्यावर तोच अहवाल पुन्हां कसा आठवला, हें सर्वांस ठाऊक आहे.

यात्रेकरूंच्या सुरक्षिततेचें कारणही पुढें केलें जातें. त्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. १९९९ च्या आणि २०११ च्या मकरसंक्रांतीस या डोंगरांत चेंगराचेंगरी होऊन पहिल्या वेळीं पन्नासाहून अधिक आणि दुसऱ्या वेळीं शंभराहून अधिक माणसें गेलीं. दोन्ही ठिकाणें डोंगरांतलीं, देवळाजवळचीं. तेथें हवी आहे ती गर्दीची आखणी आणि उतरण्याच्या चांगल्या वाटा. पन्नास किलोमीटरांवर आणखी माणसें आणून सोडणारी धावपट्टी हा त्यावरचा उपाय कसा होतो, हें आम्हांस समजत नाहीं.

शिर्डीस काकडी गांवच्या हद्दींत ऑक्टोबर २०१७ मध्यें विमानतळ सुरू झाला, अयोध्येस डिसेंबर २०२३ मध्यें. यापुढें दुसरीं क्षेत्रेंही ओळीनें येतील. आमच्या घरांतून, आणि वाचकांच्याही घरांतून, माणसें तेथें उतरतील, आम्हीही उतरूं. म्हणून हा विचार आम्ही दुसऱ्याच्या पदरीं घालून मोकळे होऊं शकत नाहीं.

हा मजकूर आम्ही आमच्या मल्याळी स्नेह्यांस वाचून दाखविला. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें, आणि मग एकच प्रश्न विचारला. पंपेहून वर जातांना ज्यांचे पाय चालत नाहींत अशा म्हाताऱ्यांना चार माणसें डोलींत बसवून खांद्यावरून नेतात. तीं माणसें तुमच्या बैलांत धरावयाचीं कीं नाहीं? आम्ही म्हणालों, नाहीं. डोलीवाला भाडें ठरवितो, तें पटलें नाहीं तर डोली उचलीत नाहीं, आणि वाटेंत दम लागला तर ती खालीं ठेवतो. ते हंसले. म्हणाले, "तुम्ही ती चढण पाहिलेली नाहीं. घरीं चार तोंडें असलेल्या माणसाला 'उचलीत नाहीं' म्हणणें किती सोपें असतें, तें एकदां त्याच्या शेजारून चालत जाऊन पाहा. या वृश्चिकांत माझ्याबरोबर चला." आम्हांस त्या क्षणीं जें वाटलें तें लिहून ठेवलेलें बरें: पहिला विचार आमच्या मनांत आला तो स्वतःच्या गुडघ्यांचा, आणि दुसरा डोलीच्या भाड्याचा. त्यांना आम्ही अजून होकार दिलेला नाहीं. माळ घालण्यास अद्याप अवकाश आहे, आणि ते दर सोमवारीं शिक्षकांच्या खोलींत भेटले कीं फक्त भुवया उंचावून विचारतात.